आधी तुला सांगेन

प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एकीत मी, दुसरीत आम्हाला शाळेतल्या समुपदेशनाचं प्रशिक्षण द्यायला पुण्याहून नाशिकला आलेल्या ताई. बाकीचे अडतीस जण भोवती गोल करून बसलेले. ताई पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, पाय खुर्चीखाली ओढून घेतले, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले, मान जराशी तिरकी केली आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या पाचवीतला मुलगा झाल्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. वर पंखा कुरकुरत होता, बाहेर पावसाची धार लागलेली. मग खाली बघतच म्हणाल्या, "बाई, एक सांगू? पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

मी पुढे झुकले, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "नाही रे बाळा. कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

विचार करायला क्षणही लागला नाही, वाक्य जिभेवर तयारच होतं. ताईंनी मांडीखालचे हात काढले, चष्मा घातला आणि म्हणाल्या, "इथे थांबू या." त्या रागावल्या नाहीत, चुकलं असंही म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आता हा मुलगा पुढच्या मिनिटाला जे सांगेल ते तुम्हाला पोलिसांना कळवावं लागलं, तर त्याला दिलेल्या शब्दाचं काय करणार?" मला उत्तर सुचेना. गोलातून कुणीतरी खाकरलं. माझी खुर्ची दुसऱ्या मॅडमनी घेतली, त्या वेगळं काही बोलल्या, सराव पुढे गेला. मी मात्र जागेवर येऊन बसले तरी मनाने त्या दोन खुर्च्यांच्या मधेच राहिले. दुपारी मसालेभात खाताना, चहाचा कागदी कप हातात धरून उभी असताना, संध्याकाळी निमाणीकडे जाणाऱ्या रिक्षात भिजलेली ओढणी पिळताना, तेच वाक्य कानात. कुणाला म्हणजे कुणालाच नाही.

हे वाक्य मी आधीही म्हटलेलं आहे. खऱ्या मुलीला.

अकरा वर्षं मी शाळेत समुपदेशक आहे. आमच्या शाळेतली समुपदेशनाची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची अर्धी खोली, मधे लोखंडी कपाटाचा आडोसा. पलीकडे लेझीम, डंबेल्स, अर्धे बसलेले फुटबॉल, आणि मैदान आखायच्या चुन्याचा नाकात चढणारा वास. खेळाच्या तासाला पोरं धाडकन दार उघडून चुन्याची पिशवी मागायला येतात, तेव्हा माझ्यासमोर रडत असलेली मुलगी चटकन तोंड भिंतीकडे करते. कुणाला बोलावणं पाठवलं की शिपाईमामा वर्गात जाऊन सांगतात, "समुपदेशनाच्या बाईंनी बोलावलंय," आणि अख्खा वर्ग "ओऽऽ" करतो. येणारं मूल उंबऱ्यातच विचारतं, "बाई, मी काय केलं?" अकरा वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. त्यामुळे एखादं मूल न बोलावता, आपल्या पायांनी आत येतं आणि "एक सांगू?" म्हणतं, तेव्हा माझा जीव नुसता गोळा होतो. ते उठून जाऊ नये म्हणून मी काहीही म्हणायला तयार होते. त्या खुर्चीत माझ्या तोंडून ते वाक्य आलं ते ह्या भीतीतून.

पण फक्त भीती नव्हे. मुळं आणखी मागे आहेत. माझी आई आमच्या आळीत प्रसिद्ध होती ती पोटात ठेवणारी बाई म्हणून. दुपारी जेवणं आटोपली की कुणी ना कुणी मागच्या दाराने यायचं. आई तांदूळ निवडत बसलेली, समोर ती बाई गुडघ्याला मिठी मारून. आवाज खाली गेला की मी पाणी प्यायचं निमित्त करून आत डोकवायची. "हिच्या पोटात राहतं गं," असं सगळ्या म्हणायच्या, आणि ते आईचं सगळ्यांत मोठं कौतुक होतं, तिच्या पुरणपोळीपेक्षाही मोठं. झाकली मूठ, घरातलं घरात, चार भिंतींच्या आत. आम्ही बहिणींनी हे कौतुक दुधासोबत प्यायलं. कॉलेजात मैत्रिणी त्यांची प्रकरणं मलाच सांगायच्या, वसतिगृहात रात्री अडीच वाजता माझ्याच कॉटवर येऊन बसायच्या. मी मानसशास्त्र घेतलं, पुढे समुपदेशनाची पदविका केली, तेव्हा घरच्यांना नवल वाटलं नाही. आई म्हणाली, "तुझ्या पोटात राहतं, तुला जमेल."

आज वाटतं, मागच्या दाराने येणाऱ्या त्या बायकांपैकी एखादी मार खाऊन येत असेल. एखादीच्या लेकीचं काहीतरी असेल. आई ऐकून घ्यायची, चहा द्यायची, पाठीवरून हात फिरवायची, आणि ते सगळं पोटात ठेवायची. त्या बायका डोळे पुसून त्याच घरी परत जायच्या. आईला दोष देताना माझी जीभ अडखळते, तिच्या काळी कळवायचं तरी कुठे होतं? पण तिचं ते पोट मी वारशाने घेतलं आणि शाळेत घेऊन आले.

ती मुलगी आठवीत होती. तिला ओळखता येईल असं मी काहीच लिहिणार नाही, काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. मधल्या सुट्टीत आली, डबा हातातच. दोनदा आली आणि काही न बोलता गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "शप्पथ घ्या, कुणाला सांगणार नाही." मी गळ्याला चिमटा लावून शप्पथ घेतली. हसून. तिला मोकळं वाटावं म्हणून. मग तिने सांगितलं. पहिलं वाक्य मला आजही तसंच ऐकू येतं: "ते घरी आले की मी न्हाणीघराला आतून कडी लावून बसते." त्यानंतरचं मी इथे लिहीत नाही. मी ऐकत होते, मान हलवत होते, आणि आत कुठेतरी कळत होतं की आपण घेतलेली शप्पथ मोडल्याशिवाय ह्या पोरीला सोडवता येणार नाही.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा तो होईल अशी शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रत्येकावर म्हणजे आई, शेजारी, डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर हे सगळ्यांना माहीत झालं. मला तेव्हाही माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी मी ती रात्र घालवली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले तर ते म्हणाले, जरा थांबू, आधी पालकांना बोलावू, शाळेचं नाव निघेल. आणखी अर्धा दिवस गेला. मग मी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. जिन्याखाली उभं राहून, हात थरथरत असताना.

पुढचं सगळं कायद्यात लिहिलंय तसंच झालं, हे मी कृतज्ञतेने सांगते. महिला अधिकारी गणवेशात न येता साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. मुलीला ठाण्यात नेलं नाही, मावशीच्या घरी बसून जबाब घेतला. बालकल्याण समितीला चोवीस तासांत कळवलं. तिच्या सोबतीला सहायक म्हणून एक ताई नेमल्या गेल्या. मी त्या दिवशी मावशीच्या घरी गेले होते. ती कॉटच्या कडेला बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. माझ्याकडे बघून ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात."

एवढंच.

ती सुटली. ते घर सुटलं, तो माणूस तिच्यापासून दूर झाला. वर्षभराने आईसोबत दुसऱ्या गावी गेली. सहायक ताईंशी ती पुढे मोकळेपणाने बोलायची असं कळलं आणि मला मनापासून बरं वाटलं. माझ्याशी मात्र ती परत कधीच बोलली नाही. कळवलं ते योग्यच केलं, ह्याबद्दल मला आजही शंका नाही. पण तिला आयुष्यात भेटलेल्या मोठ्या माणसांनी तिला न विचारता तिच्याबाबत काय काय केलं होतं, त्या यादीत मीही जाऊन बसले. ही जाणीव मी अनेक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तीही पोटातच.

पहिल्या दिवशी दुपारी ताईंनी फळ्यावर एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "मुलाने सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं. त्याचाच शब्द. तुमचा नाही." मी घरी जाऊन माझी जुनी नोंदवही काढली. त्या दिवसाच्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीने नातेवाइकाच्या अनुचित वर्तनाबाबत तक्रार केली.' न्हाणीघर नाही. आतून लावलेली कडी नाही. ती पोर तीन वेळा डबा घेऊन आली होती आणि मी तिच्या तोंडचा एकही शब्द कागदावर ठेवला नव्हता. 'अनुचित वर्तन' हा शब्द कोणत्या मुलाने कधी उच्चारलाय? तो आपल्या सोयीचा आहे, त्याला वास येत नाही, म्हणून आपण वापरतो. मुलं म्हणतात, "ते काका चांगले नाहीत." म्हणतात, "मला तिकडे शिकवणीला नाही जायचं." म्हणतात, "माझं पोट दुखतंय," आणि दर मंगळवारी दुखतं.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली. ताईंनी सगळ्यांना शरीराच्या अवयवांची नावं मोठ्याने म्हणायला लावली. नाक, कान, कोपर, घोटा, इथवर खोली खणखणीत. पुढे स्तन, योनी, लिंग, गुदद्वार आलं तशी ती कुजबुजीवर आली. माझ्या शेजारच्या मॅडमनी पदर तोंडाला लावला. मागच्या रांगेतले एक सर खिडकीबाहेर बघू लागले. ताईंनी पुन्हा म्हणायला लावलं, आणि पुन्हा. चौथ्या वेळी आवाज जरा सुटला. मग त्या म्हणाल्या, "मुलाकडे त्या जागेला शब्दच नसेल तर ते तिथलं कसं सांगेल? आणि तुमच्याच तोंडून तो फुटत नसेल, तर त्याला तुमच्या चेहऱ्यावरून काय कळेल?" शाळांत आपण 'गुड टच, बॅड टच' म्हणत आलो. त्या 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' म्हणा असं सांगत होत्या, कारण 'बॅड' म्हटलं की लहान मूल तो वाईटपणा स्वतःलाच चिकटवून घेतं. हे मला फार पटलं. प्रश्नांचंही तसंच. "त्यांनी हात लावला का?" असं मुलाच्या तोंडात घालायचं नाही, "मग काय झालं?" एवढंच विचारायचं. आणि "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न तर कायमचा टाकून द्यायचा. तपास पोलिसांचा. आपलं काम पहिल्यांदा नीट ऐकणं, म्हणजे त्या मुलाला तेच दहा जणांपुढे दहादा उगाळावं लागत नाही.

मी ज्या पाचवीतल्या मुलापुढे अडखळले तो मुलगा होता, मुलगी नव्हती, ह्याचा विचार मला रात्री आला. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांच्यात मुलगे मुलींपेक्षा जास्त होते. बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या अकरा वर्षांच्या वह्यांमध्ये अशी तक्रार घेऊन आलेले मुलगे मी मोजले. दोन. बाकीचे माझ्या दारासमोरून चुन्याची पिशवी घेऊन गेले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेला पूर आला होता. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरात एकच चौकशी सुरू होते, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. शास्त्राचे आकडे पाटबंधारे खात्याकडे, आमचं माप म्हणजे गोदाघाटावरचा तो मारुती. हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण चपला झटकत तेच बोलत होता. त्या दिवशी विषय होता जीव द्यायचे विचार मनात येणाऱ्या मुलांचा. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, १,७६४. ताईंनी हे दोन आकडे सांगितले आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

मग त्यांनी आम्हाला जोड्या करायला सांगितल्या. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, सरळ, आडपडदा न ठेवता विचारायचं. विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं आपणच घालू, ही भीती आपल्या सगळ्यांनाच असते. ती खोटी आहे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट आतल्या आत घुसमटलेल्याला श्वास घ्यायला वाट होते. हे मी वाचलेलं होतं, मुलांच्या पालकांना सांगितलेलंही होतं. पण माझ्यासमोर बसलेल्या, माझ्याच वयाच्या, धडधाकट मॅडमना "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?" हे विचारताना माझा घसा बंद झाला. शब्द 'जीव'पाशी येऊन थांबले. 'आत्महत्या' म्हणून बघितलं, तर तो वर्तमानपत्रातला शब्द, दोघींच्या मधे भिंतीसारखा उभा राहिला. मुलं असं बोलत नाहीत. मुलं म्हणतात, "नकोसं झालंय." म्हणतात, "मी नसते तर बरं झालं असतं." म्हणतात, "एकदाची कटकट संपेल." आम्ही अर्धा तास हेच करत होतो. मराठीत हा प्रश्न कसा विचारायचा, कुठला शब्द मऊ आहे तरी पळवाट काढत नाही, ह्याचा शोध. शेवटी मला जमलं ते असं: "इतकं नकोसं झालंय, तर मरून जावं असंही वाटतं का कधी?" तिसऱ्यांदा म्हणताना आवाज थरथरला नाही. समोरच्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही, पण चहाच्या वेळी आम्ही दोघी बराच वेळ व्हरांड्यात एकमेकींशेजारी उभ्या होतो.

त्रास किती आहे ते शून्य ते दहा ह्या मापात मुलाला विचारायचं, अशी एक पद्धत आहे. ताई ती समजावून सांगत होत्या, तेवढ्यात महानगरपालिकेच्या शाळेतले एक सर, जे आदल्या दिवशी खिडकीबाहेर बघत होते तेच, उभे राहिले. म्हणाले, "ताई, आमची पोरं पंचवटीतली. त्यांना दहापैकी किती विचारलं तर ती परीक्षेचे मार्क समजतील, आणि चांगलं दिसावं म्हणून आठ म्हणतील. मी त्यांना विचारीन, दुतोंड्याच्या कुठवर आलंय पाणी?" क्षणभर कुणी बोललं नाही. मग ताई फळ्याकडे गेल्या आणि त्यांनी खडूने एक ओबडधोबड मारुती काढला. पायाशी एक रेघ, कमरेशी एक, छातीशी, गळ्याशी. "गळ्याशी आलंय असं म्हणालं," ताई म्हणाल्या, "तर त्या मुलाला त्या दिवशी एकटं सोडायचं नाही. घरच्यांना बोलवायचं, डॉक्टरांकडे पोचवायचं. रात्री-अपरात्री टेली-मानसचा, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ आहे." मला त्या सरांचा मनापासून अभिमान वाटला. नाकातोंडाशी पाणी, गळ्याशी येणं, डोक्यावरून जाणं, हे सगळं आपण रोज बोलतो. ते मापपट्टी म्हणून मुलाच्या हातात द्यायचं कधी कुणाला सुचलं नव्हतं.

अशा दिवशी असं वाटतं की हे दर महिन्याला व्हायला हवं. अकरा वर्षांत माझं हे तिसरं प्रशिक्षण. आधीची दोन स्लाइड्सची होती, जेवण उत्तम होतं, प्रमाणपत्रं फाइलला लावली, आणि त्यातलं माझ्या तोंडात काहीही उतरलं नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांना वर्षातून दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण हवं. मला ह्यातलं 'शिक्षकेतर' फार महत्त्वाचं वाटतं. मुलं शिपाईमामांना सांगतात, बसमधल्या मावशींना सांगतात, खिचडी शिजवणाऱ्या ताईंना सांगतात. माझ्याकडे येईपर्यंत त्यांनी दोन-तीन माणसं चाचपून बघितलेली असतात. बदलापूरनंतर शाळाशाळांत कॅमेरे लागले, तक्रारपेट्या नव्याने रंगवल्या, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांचे फलक लागले. हे सगळं हवंच. पण पेटीला कान नसतात, कॅमेऱ्याला "मग काय झालं?" असं विचारता येत नाही. गाणाऱ्याचा गळा रोज घासावा लागतो, तसं हे काम आहे. ऐन वेळी तोंडातून जे निघतं ते सवयीचंच निघतं. माझंही तेच झालं होतं.

सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेच्या अधीक्षिका आमच्यात होत्या. दोन दिवसांत फार बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे मुलगी शाळा सुटली की घरी जाते. माझ्याकडे तीनशे मुली रात्री माझ्याजवळच असतात. एखादी रात्री दोनला येऊन उशाशी बसते. १०९८ मला पाठ आहे, पण रेंज यायला टेकाडावर जावं लागतं. तिला एकटीला सोडून टेकाडावर जाऊ की तिच्याजवळ बसू?" ह्यावर ताईंनी झटपट उत्तर दिलं नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि दोघी जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून कुणाला निरोप द्यायचा, टेकाडावर कुणाला धाडायचं, मुलीजवळ कोण थांबेल, एकेका माणसाचं नाव घालत कागदावर उतरवत होत्या. त्या अधीक्षिका जेवल्या नाहीत. त्यांच्यासाठी मी द्रोणात शिरा झाकून ठेवला.

शेवटचं सत्र त्या वाक्याचं होतं. माझ्या वाक्याचं. ताईंच्या कागदावर होतं, 'गोपनीयतेच्या मर्यादा मुलाला सुरुवातीलाच समजावून सांगा.' अधीक्षिका म्हणाल्या, "हे माझ्या मुलींना कळायचं नाही." मग चाळीस डोकी त्या एका वाक्यावर बसली. कुणी म्हणालं, "सगळ्या गोष्टी गुपित ठेवता येत नाहीत." त्यात मूल घाबरेल. कुणी म्हणालं, "तुझ्या भल्यासाठीच सांगेन." हे प्रत्येक मोठं माणूस म्हणतं, आणि मुलाने त्याचा अनुभव घेतलेला असतो. मी तेव्हा पहिल्यांदा त्या मुलीबद्दल बोलले. नाव-गाव न घेता, फक्त कॉट, न टेकणारे पाय आणि ते तीन शब्द. ताईंनी विचारलं, "तिला त्या दिवशी काय ऐकायला मिळालं असतं, तर तिने तुम्हाला तसं म्हटलं नसतं?" मी खूप वेळ गप्प होते. मग मी म्हटलं, कळवलं ह्याचा तिला राग नव्हता बहुतेक. तिला ते पोलीस दारात उभे राहिल्यावर कळलं, ह्याचा होता.

त्यातून वाक्य तयार झालं. मी ते वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. 'मी एकटीच्याच पोटात ठेवीन असा शब्द देत नाही. तू सुरक्षित राहावंस म्हणून कुणाला सांगावं लागलंच, तर ते कुणाला आणि काय, हे आधी तुला सांगेन. तुझ्या पाठीमागून काही करणार नाही.' पोट हा शब्द मीच घातला. आईची आठवण काढून.

सोमवारी शाळा. बुधवारी खेळाच्या तासानंतर पोरं चुन्याची पिशवी परत ठेवायला आली, धपाधप टाकून पळाली. एक जण मागे राहिला. सहावीतला, बुटका, गुडघ्यावर चुना लागलेला. बसलेल्या फुटबॉलवर अंगठा दाबत होता, सोडत होता. "बाई, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?"

माझ्या जिभेवर ते आलं होतं. जुनंच. मी ते गिळलं, खुर्ची थोडी मागे घेतली आणि पुठ्ठ्यावरचं वाक्य म्हटलं. सुचेल तसं नाही, सरावातल्यासारखं, पूर्ण. त्याने अंगठा काढला. फुटबॉल वर येईना, तसाच खोल राहिला. "मग राहू दे," म्हणाला आणि गेला.

गुरुवारी तो माझ्याकडे फिरकला नाही. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ताईंनी हेही सांगितलं होतं की काही मुलं परत फिरतील, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवा, नजर ठेवा, मागे लागू नका. पण सांगणं वेगळं आणि रात्री दीडला छताकडे बघत पडणं वेगळं. जुनं वाक्य म्हटलं असतं तर त्याने सांगितलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. पाणी त्याच्या पायाला आहे की कमरेला, की आणखी वर, हेही न कळता मी त्याला जाऊ दिलं होतं. मी त्याच्या वर्गशिक्षिकेला एवढंच म्हटलं, ह्याच्यावर जरा लक्ष असू द्या. त्याच्या वर्गासमोरून दिवसातून चारदा गेले. डबा खाताना तो कुणाजवळ बसतो ते बघितलं.

शुक्रवारी शाळा सुटली, पाऊस होता, मुलं व्हरांड्यात रेनकोटांची ओढाताण करत होती. मी कपाटाला कुलूप लावत होते. मागे वळले तर तो दारात, दप्तर उलटं, छातीवर अडकवलेलं. आत आला नाही.

"बाई, त्या दिवशी काय म्हणाला होतात ते परत सांगा ना."

मी सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. तो सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्याने दप्तर काढून मांडीवर धरता येईल असं हातात घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.